पायलट जेट आणि रातकिडे : गॅरेजातल्या वहीतून

१२ सप्टेंबर २०२४

काल गौरीपूजन. साडेआठला लाइट गेली ती गेलीच. मुंबईहून आलेले चाकरमानी धरून घरात चौदा माणसं, बाहेर आडवा पाऊस. जनरेटर खळ्यात, म्हणजे अंगणात, भिजला असता, म्हणून मागच्या पडवीत ठेवला, सायलेन्सरचं तोंड बाहेर करून. फोर-स्ट्रोक मशीन, धूर डोळ्याला दिसत नाही. आवाज मात्र खालीवर होत होता, हंटिंग. चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, अर्धा ओढून ठेवला तसं मशीन एका सुरात चालायला लागलं. मी खूश. भजन बारापर्यंत चाललं, मग झोपलो. दुसरी टाकी पहाटे कधीतरी संपली आणि जनरेटर आपोआप बंद पडला.

सकाळी ज्याला त्याला डोकेदुखी. काकी म्हणाल्या, "जागरण झाला, टकला दुखतलाच." सगळ्यांना पटलं. आईला मात्र दोनदा उलटी झाली, उभं राहवेना. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला : ९८. म्हटलं पित्त असेल. तरी रिक्षात घातलं. अर्ध्या वाटेवर वारा लागला तशी ती म्हणाली, जरा बरं वाटतंय.

डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली. "घरातल्या सगळ्यांचंच दुखतंय? आणि बाहेर आल्यावर कमी झालं?" मी हो म्हटल्यावर पुढचा प्रश्न जनरेटरचाच होता. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रात्रभर घरात भरला होता. आईला मास्क लावून ऑक्सिजन दिला, घरी फोन करून सगळ्यांना खळ्यात आणायला लावलं आणि तपासून घ्या म्हणून सांगितलं. दुपारनंतर आई स्वतः चालत घरी आली. संध्याकाळी विसर्जन.

बावीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतोय. घरच्या चौदा माणसांना कालची रात्र मी दिली.

१३ सप्टेंबर

झोप नाही. ऑक्सिमीटरने ९८ का दाखवले ते शोधत बसलो. तो बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडतो आणि रक्ताचा रंग वाचतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लालभडक दिसतं. म्हणजे मीटर बिघडलेला नव्हता. त्याला फरक कळायची सोयच नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते.

हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशे-अडीचशे पट घट्ट धरून ठेवतो. साध्या हवेत रक्तातला निम्मा उतरायला चार-पाच तास, मास्कमधल्या शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. आई दुपारपर्यंत का सुधारली ते या आकड्यांत आहे.

आजपासून ही वही. वरच्या बाजूला इंजिन, खालच्या बाजूला माणूस. आधी वाटलं होतं की कार्बोरेटर म्हणजे फुप्फुस, ऑइल म्हणजे रक्त अशी चित्रं काढावीत. दोन पानं काढली आणि फाडली. साम्य गोड आहे, पण त्यातून कळत काहीच नाही.

१५ सप्टेंबर

जनरेटर उघडला. आधी प्लग. तोंडावर मखमलीसारखी काळी काजळी, बोट फिरवलं की उतरणारी. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग तांबूस-करडा असतो. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलचाच कार्बन मोनॉक्साइड होतो. प्लग केव्हापासून ओरडत होता, मी फक्त तो काढून पाहिला नव्हता.

मग कार्बोरेटर. त्यातल्या पेट्रोलच्या वाटीच्या, फ्लोट बाउलच्या, तळाशी हिरवट-पांढरा चिकट थर. पेट्रोल आत सोडणाऱ्या बारीक पायलट जेटचं भोक उजेडासमोर धरलं तर आरपार दिसेना. क्लच केबलच्या तारेतला एक पातळ धागा काढून हलक्या हाताने फिरवला, मग हवा मारली. जाड तार घालून भोक मोठं करणारे मेकॅनिक मी पाहिलेत, मीही शिकाऊ असताना केलंय. जेट साफ झाल्यावर चोक पूर्ण सोडला आणि मशीन न डगमगता चाललं.

तर क्रम असा. मे महिन्यात टाकीत पेट्रोल ठेवून मशीन झाकलं. जेट चोंदलं. हंटिंग सुरू झालं. मी जेटऐवजी चोक हाताळला. पेट्रोल वाढलं, हवा कमी पडली. आणि वरून पडवी.

हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच गिऱ्हाइकाला चुकीचं सांगेन : जेट साफ असतं तरी पडवीत ठेवणं चूकच होतं. पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, पण अशी छोटी मशीनं मुळातच जरा जास्त पेट्रोलवर लावलेली असतात, थंड राहावीत म्हणून. गाडीसारखं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आमच्याकडे येणाऱ्या एकाही जनरेटरला नाही.

१८ सप्टेंबर

आज नुसतं वाचन. जॉन स्कॉट हाल्डेन नावाचा स्कॉटिश शास्त्रज्ञ. १८९५ मध्ये हा वायू त्याने स्वतःच हुंगला आणि काय काय होतं ते लिहून काढलं. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यायची कल्पना त्याचीच. लहान जीव, भराभर श्वास, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले.

आमच्या घरात त्या रात्री कॅनरीचं काम आईने केलं. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे.

२२ सप्टेंबर

ऑनलाइन मागवलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आला. आकडा दाखवणारा घेतला, नुसता भोंगा वाजवणारा नव्हे. भोंगा बराच वेळ थांबून वाजतो, ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तर तासाभरानंतर.

घरच्यांना शेजारी पाठवलं. जनरेटर परत त्याच जागी, चोक सोडलेला, जेट साफ. मीटर माजघरात, गणपती होता त्या चौरंगावर, आणि मी खिडकीबाहेरून बॅटरीच्या उजेडात वाचत होतो. पाच मिनिटांत ३०, बारा मिनिटांत ९०, विसाव्या मिनिटाला १६० च्या वर. तिथेच बंद केला. कामाच्या जागी आठ तासांची सरासरी ३५ च्या पुढे नको, असं अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते. आणि सायलेन्सरचं तोंड तर बाहेरच होतं. वारा कौलांखालून धूर परत आत आणतो, हे एरवी चुलीच्या धुराने आम्हाला माहीत होतंच.

मग खळ्याच्या टोकाला, फणसाखाली, घरापासून वीस-बावीस फुटांवर. आत शून्य. वारा फिरला तेव्हा एकदाच ६ झाले. वरून पत्र्याची तिरकी छपरी करायची ठरवलं, चारही बाजू उघड्या. मीटरने घरात आता कायमची जागा घेतली आहे, कॅलेंडरशेजारी.

६ ऑक्टोबर

पेट्रोलचा प्रयोग. जुनी काचेची दुधाची बाटली, तिच्यावर मिलीच्या रेघा आहेत. दहा मिली पाणी, वर शंभर मिली पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पाण्याची रेघ दहावर राहायला हवी होती, ती पंचविसाच्या आसपास थांबली. म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरलं.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे पाणीच. टाकीत पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. इथेनॉलने इंजिनं बिघडतात अशी जी रडारड व्हॉट्सॲपवर चालते ती मला पटत नाही. चार महिने टाकी भरलेली ठेवायला कुणी सांगितलं होतं? पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, मग मशीन बंद पडेपर्यंत चालवा, बाउलचा स्क्रू सोडा. गॅरेजच्या दारावर खडूने लिहिलं.

१२ ऑक्टोबर

दसरा. मशीनांना झेंडू, पान्यांना हळदकुंकू. काम नाही.

१४ ऑक्टोबर

सड्यावर गवत कापणी सुरू झाली. भाचा आयफोनवाला आहे, त्यावर नायोशचंच आवाज मोजायचं मोफत ॲप चालतं. तो आणि मी तात्यांबरोबर सकाळी सात वाजता कलमांत. तात्या सतरा-अठरा वर्षं कटर मारतात.

फोन तात्यांच्या कानाशी धरला : ९७ ते १०१ डेसिबल, पूर्ण थ्रॉटलला. आता हिशेब. नायोशच्या म्हणण्यानुसार ८५ ला आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. आपल्याकडचा कारखान्यांचा नियम ९० ला आठ तास असा आहे, जरा सैल. पण कलमांची बाग म्हणजे कारखाना नव्हे, तिथे कोण विचारतो.

तात्या सहा तास मारतात. कानात कापूस. कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. मी फोमचे प्लग पुढे केले.

"माका आता आवाज लागना नाय," तात्या म्हणाले. "सवय झाली."

दोन प्लग दिले तरी त्यांची शंका खरी होती. मागून कुणी आलं तर? फिरत्या पात्याभोवती पंधरा मीटरच्या आत कुणी असू नये, पण मुलं येतात, कुत्री येतात. ठरलं असं की हाक मारायचीच नाही. समोरून यायचं, तेही लांबून, टॉवेल हलवत.

२० ऑक्टोबर

आज फजिती. हादरे मोजायचे म्हणून फोनमध्ये एक ॲप घेतलं, कटरच्या दांड्याला फोन चिकटपट्टीने बांधला. सुंदर आलेख आला, आकडेही आले. रात्री लक्षात आलं की सगळं फुकट. इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला १३३. ॲप सेन्सर वाचतं सेकंदाला शंभर वेळा. जो हादरा पकडायचा तो वाचण्याच्या वेगापेक्षाच जलद. पंखा कधी उलटा फिरतोय असं दिसतं ना, तसलेच हे आकडे. युरोपात आठ तासांच्या हिशेबाने २.५ ला खबरदारी सुरू आणि ५ ला मर्यादा, मीटर प्रति सेकंद वर्ग, असा २००२ चा नियम आहे. त्याच्याशी ताडून बघायची हौस होती, राहिली. ते मापक आपल्या आवाक्यातलं नाही.

त्याऐवजी माझाच हात. तात्यांचा कटर दहा मिनिटं चालवायचा, खाली ठेवायचा आणि तळव्यातल्या मुंग्या किती वेळ राहतात ते घड्याळावर बघायचं. दांडा आणि इंजिन यांच्यामधलं रबर फाटलेलं, पात्याच्या दोन दातांचे जांभ्यावर आपटून तुकडे उडालेले : बारा मिनिटं मुंग्या. नवीन रबर, नवीन पातं : चार. एका माणसाचे दोन प्रयोग, त्याला शास्त्र म्हणणार नाही. पण बाराचे चार झाले हे हाताला कळलं.

२७ ऑक्टोबर

ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणकामगारांची तपासणी केली. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी धरणाऱ्यांची बोटं थंडीच्या सकाळी पांढरीफटक पडत, मेल्यासारखी. हादऱ्यांच्या आजाराची हीच खूण सगळीकडे दिलेली असते : पांढरी बोटं.

हे वाचून तात्यांकडे गेलो. बोटं पांढरी होतात का? नाही. कधीच? नाही. मी जवळजवळ खूश होऊन परत फिरणार होतो.

पण बोटं पांढरी पडायला थंडी लागते. रक्तवाहिन्या आखडतात त्या गारठ्याने. आमच्याकडे जानेवारीतही पहाटे अंगावर एक चादर पुरते. उष्ण देशांत कटर किंवा ड्रिल मारणाऱ्यांत पांढरी बोटं फार कमी दिसतात, मुंग्या आणि बधिरपणा मात्र दिसतो, कारण मज्जातंतू वेगळे दुखावतात आणि त्याला थंडीची गरज नसते. म्हणजे पुस्तकातली खूण कोकणात दिसणारच नाही आणि मेकॅनिक म्हणेल, काही नाही झालेलं.

तात्यांना ओटीवर बसवलं. खिशात एक, दोन, पाच, दहाची नाणी टाकली. डोळे मिटून, न काढता, नुसतं चाचपून सांगायचं.

"ह्यो पाचाचो."

दोनाचं होतं.

"ह्यो... दहाचो?" रुपया होता. डाव्या हाताने चारात चारही चुकले, उजव्याने दोन. तात्यांच्या सुनेने तिथूनच सांगितलं की शर्टाची बटणं हल्ली तीच लावून देते, त्यांना वाटतं म्हातारपण. तात्या एकसष्ट आहेत. माझे काका ब्याऐंशीचे आहेत आणि अडकित्त्याने सुपारी कातरतात.

तात्या बराच वेळ हातातल्या रुपयाकडे बघत बसले. मग म्हणाले, बस कंडक्टर सुटे पैसे देतो ते मी मोजत नाही, किती वर्षं झाली. विश्वासाने नाही. मोजता येत नाहीत.

गेल्या महिन्याभरात "सवय झाली" हे शब्द किती जणांनी उच्चारले त्याच्या खुणा मी मागच्या पानावर करतोय. आज अकरावी.

१० नोव्हेंबर

बायकोने हट्टाने ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, नेलं, कान तपासायला. हेडफोन, बटण, बारीक बारीक शिट्ट्या. कागदावर दोन रेघा आल्या. सुरुवातीला सरळ, मग ४००० हर्ट्झपाशी विहिरीसारखा खड्डा, पुढे जरा वर. तपासणाऱ्या मुलीने फक्त विचारलं, "मशीनवर काम करता?" आवाजाने गेलेल्या कानाची ही सहीच असते म्हणे. उजवा कान डाव्यापेक्षा वाईट. कार्बोरेटर लावताना मी उजवा कान इंजिनाशी नेतो, बावीस वर्षं.

खालचे स्वर शाबूत असतात म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतं. आवाज येतोच. स, श, फ, त यांच्या कडा जातात. "सात" आणि "हात" यांत मी गडबडतो, आणि लोक हल्ली पुटपुटतात अशी माझीच तक्रार असते.

रात्री खळ्यात बसलो होतो. मी म्हटलं, रातकिडे किती कमी झाले बघ, फवारण्यांनी मारले सगळे. हे मी दोन वर्षं सगळ्यांना सांगतोय, एकदा ग्रामसभेतही बोललो.

बायको माझ्याकडे बघत राहिली. "रातकिडे असत की. आताय ओरडतत. तुमका ऐकाक येना नाय, ता सांगा."

मी डावा कान फणसाच्या बाजूला वळवला. काही नाही. भाच्याच्या फोनवर बघितलं तर वरच्या पट्टीत आलेख नाचत होता.

आवाजाने गेलेल्या कानाच्या आतल्या पेशी परत उगवत नाहीत. उरलेल्या सांभाळायच्या.

२४ नोव्हेंबर

दोन छोट्या गोष्टी.

एक, हात. सोळाव्या वर्षापासून ग्रीस पेट्रोलनेच धुतोय. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. आपल्याकडे ते एक टक्क्यापर्यंत बांधून दिलंय, पण रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे आणि ते कातडीतूनही थोडं आत जातं. शिवाय पेट्रोल कातडीचं तेल ओढून घेतं, भेगा पडतात, मग अजून आत. गेला महिनाभर आधी खोबरेल चोळतो, मग लाकडाचा भुसा, मग साबण. ग्रीस तेलाबरोबर सुटतं. वेळ दुप्पट लागतो. नखांतलं काळं राहतं ते राहतं.

दोन, तोंडाने पेट्रोल ओढणं. बंदरावरच्या एका पोराने होडीच्या टाकीतून नळीने ओढलं, ठसका लागला, आणि लोकांनी मीठपाणी पाजून ओकायला लावलं. तीन दिवस ताप आणि खोकला, छातीचा फोटो काढावा लागला. पोटात गेलेल्यापेक्षा श्वासात गेलेलं वाईट. पेट्रोल, रॉकेल इतकं पातळ की एक चमचाही फुप्फुसात भराभर पसरतो आणि सूज आणतो. ओकायला लावलं की पुन्हा एकदा श्वासात जायची संधी. ओकवायचं नाही, सरळ दवाखाना. खरं म्हणजे होडीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या पेट्रोल लाइनला दाबायचा रबरी फुगा असतोच. जुन्या लाइनी माझ्याकडे पडून होत्या. त्यांचे फुगे कापून दोन्ही बाजूंना नळी लावली, चार नग तयार केले. बाण पेट्रोल जायच्या दिशेला हवा, एवढंच. बंदरावर दिले, पैसे घेतले नाहीत. एक परत आला, उलटा बसवला होता.

८ डिसेंबर

मोहोराच्या फवारण्या सुरू, एचटीपी, म्हणजे फवारणीचे, पंप रांगेत. औषधांचा विषय या वहीत घेणार नाही, त्याला दुसरी वही लागेल. फक्त इंजिनापुरतं : टू-स्ट्रोकवाले लिटरला चाळीस-पन्नास मिली ऑइल घालतात, "इंजिन थंड रवता" म्हणून. मशीनवर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ लिहिलेलं असेल तर लिटरला वीसच. बाकीचं ऑइल निळा धूर होऊन मागच्या माणसाच्या छातीत. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये तसंही आत आलेल्या ताज्या पेट्रोलचा चांगला हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निसटतो, दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात म्हणून. वीस मिलीचं झाकण प्रत्येक मशीनला सुतळीने बांधून देतोय.

सायलेन्सरवर बसून विडी ओढणाऱ्याला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

२१ डिसेंबर

गावची जत्रा. रात्री दशावतार. अकराच्या सुमारास देवळामागे गेलो तर कलाकार रंगायला बसले होते त्या खोलीच्या दारातच जनरेटर, दारावर थंडीसाठी ताडपत्री ओढलेली. आत आठ माणसं, आरसे, मुकुट, एक बल्ब. मी मीटर बरोबर नेला होता. आत धरला : ८५ आणि चढता.

कमिटीतली मुलं वैतागली, वायर पुरत नाही म्हणाली. वाद घालत बसलो नाही. बाइक काढली, गॅरेजातली तीस मीटरची वायर आणली, जनरेटर पिंपळापलीकडे नेला, ताडपत्री वर गुंडाळली. लाइट वीस मिनिटं बंद राहिली तेवढ्यात माझ्या नावाने बरंच काही झालं. शंकासुराचं काम करणारे गृहस्थ अर्धं तोंड काळं करून बाहेर वाऱ्याला उभे होते. म्हणाले, प्रत्येक गावात रंगताना डोकं धरतं, रंगाच्या वासाने असेल, आता सवय झाली.

वहीत खूण करायला पेन नव्हतं.

गणपती रंगमंचावर आला तेव्हा साडेबारा वाजले होते. तात्या शेजारी बसले होते, गळ्यात इअरमफ तसाच, दुपारी कापणी करून आलेले. पखवाज नीट ऐकू येत होता, पेटीही. झांजेचा फक्त पहिला ठोका येतो, पुढची शेपटी तुटते. डोकं फिरवून डावा कान पुढे केला.

वायर अजून देवळातच आहे. उद्या सकाळी आणायला हवी, तात्यांच्या कटरचं रबरही पुन्हा बदलायचंय.